दुसऱ्या नंबरचा वकील

लोकप्रियतेच्या याद्यांबद्दल मला फार वर्षं तुच्छता वाटत असे. अमुक गाणं या आठवड्यात पहिलं आलं, तमुक गाणं १६ आठवडे पहिलं राहिलं, अमक्याचा विक्रम तमक्यानं मोडला, असं कोणी कौतुकानं सांगू लागलं की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. ‘गाणं म्हणजे काय घोड्यांची शर्यत आहे?’ हे माझं ठरलेलं वाक्य. पाश्चात्त्य संगीतावर मराठीत लिहिणं-बोलणं हा माझा जुना उद्योग, त्यामुळे ते वापरायची संधी भरपूर मिळाली, टाळ्याही मिळाल्या. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मत बदललं. कशामुळे आणि कितपत, ते मांडतो.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ती अगदीच लंगडी नव्हती.

मी स्वतःला दुसऱ्या नंबरच्या गाण्यांचा वकील समजत असे, आणि माझे साक्षीदार भारी होते. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ १९६५ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. बीटल्सची ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना होती. १९६७ साली ती तबकडी ब्रिटनमध्ये दुसरी राहिली. पहिलं कोण होतं? एंगलबर्ट हम्परडिंक, म्हणजे मद्रासेत जन्मलेला अर्नोल्ड डॉर्सी, आणि त्याचं गुळगुळीत ‘रिलीज मी’. १९८१ साली अल्ट्राव्हॉक्सचं ‘व्हिएन्ना’ चार आठवडे दुसरं होतं. त्यातले तीन आठवडे त्याच्या डोक्यावर बसलं होतं जो डॉल्सीचं ‘शडप यू फेस’ हे फार्सछाप गाणं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या पाच तबकड्या अमेरिकेत दुसऱ्या आल्या, पहिली एकही नाही.

हुकमी साक्षीदार मात्र चक बेरी. रॉक अँड रोलची गिटार कशी वाजवायची हे पुढच्या सगळ्यांना ज्यानं शिकवलं, त्याचं ‘जॉनी बी. गूड’ १९५८ साली आठव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. पॉपच्या यादीत त्याला उभ्या आयुष्यात एकदाच पहिला नंबर मिळाला, १९७२ साली, तोही ‘माय डिंग-अ-लिंग’ या चावट बडबडगीताला. इथे सभागृहात हशा व्हायचा. तो ओसरला की मी सांगायचो, की १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर ‘जॉनी बी. गूड’ आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आठव्या नंबरवाला आणि ज्यांना नंबर नावाची गोष्टच ठाऊक नव्हती अशा केरीच्या केसरबाई, दोघं ग्रहमालेबाहेर निघाले. पहिल्या नंबरवाले बसलेत आपले इथेच.

पुरावा असा चोख असला की माणूस आपला पूर्वग्रह तपासत नाही. माझा तर घरचाच होता. आमच्या साताऱ्याच्या घरात रेडिओ होता, पण काटा सिलोनकडे फिरवायचा नाही असा वडिलांचा दंडक. १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर वडिलांना पूज्य होते. केसकरांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं आसन दिलं आणि हिंदी चित्रपटगीतांना जवळपास दारच बंद केलं. लोकांना काय आवडतं हे विचारायचं नाही, त्यांना काय आवडायला हवं ते ऐकवायचं. लोकांनी भांडण केलं नाही. काटा फिरवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी रात्री, रेडिओ सिलोनवर लोकप्रिय हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पैसा सीबा कंपनीच्या टूथपेस्टचा, ध्वनिमुद्रण मुंबईत, प्रक्षेपण कोलंबोहून आणि आवाज अमीन सयानींचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगत. माझी थोरली बहीण, आक्का, ती ऐकायला शेजारच्या काकूंकडे जायची. मी गेलो नाही. मोठेपणी वडिलांचं नाट्यसंगीत सोडून मी डिलन-बीटल्सकडे वळलो, वडिलांशी यावरून भांडलोही, पण त्यांची ती नाक मुरडायची सवय मात्र नीट जपून बरोबर घेऊन गेलो.

मत फिरायला लागलं ते या वकिलीच्या तयारीतच. एका श्रोतामंडळासाठी ‘दुसऱ्या नंबरची गाणी’ असा कार्यक्रम करायचा होता. प्रत्येक गाण्यावर अन्याय कोणी केला हे नावनिशीवार सांगावं, म्हणून त्या त्या वेळच्या याद्या कशा बनत होत्या ते खणायला बसलो. आणि पहिल्याच खटल्यात फिर्याद ढासळली.

तो खटला बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’चा. साल १९६३. पण त्यासाठी अकरा वर्षं मागे जावं लागतं. १९५२च्या नोव्हेंबरात न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या लंडनच्या साप्ताहिकातल्या पर्सी डिकिन्स या जाहिरात सांभाळणाऱ्या माणसानं वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन केले आणि या आठवड्यात काय खपलं ते विचारलं. हेतू जाहिराती वाढवण्याचा. १४ नोव्हेंबरला यादी छापून आली. म्हणायला पहिली बारा, पण बरोबरीमुळे तबकड्या भरल्या पंधरा. पहिला क्रमांक अल मार्टिनोच्या ‘हिअर इन माय हार्ट’ला. ब्रिटनमधल्या सगळ्या विक्रमांची गंगोत्री ही. गीतमाला सुरू व्हायला तेव्हा अवघे एकोणीस दिवस होते. एक यादी जाहिरातींसाठी, दुसरी दंतमंजनासाठी.

पुढे प्रत्येक संगीत साप्ताहिकानं आपापली यादी काढली. प्रत्येकाची दुकानं वेगळी, बेरजेची रीत वेगळी. ‘प्लीज प्लीज मी’ न्यू म्युझिकल एक्स्प्रेसमध्ये पहिलं होतं, मेलडी मेकरमध्ये पहिलं होतं. रेकॉर्ड रिटेलर या व्यापाऱ्यांच्या पत्रात तेवढं दुसरं होतं. मागाहून इतिहास लिहिणाऱ्यांनी १९६० नंतरच्या काळासाठी प्रमाण धरली ती नेमकी रेकॉर्ड रिटेलरची यादी. त्यामुळे २००० साली बीटल्सच्या पहिल्या क्रमांकांची ‘वन’ ही २७ गाण्यांची सीडी निघाली तेव्हा ‘प्लीज प्लीज मी’ तिच्यात नव्हतं. म्हणजे ज्या गर्दीला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, तिनं काही केलंच नव्हतं. तिनं ती तबकडी मनापासून विकत घेतली होती. दुसरा नंबर आला तो फोन कुठल्या दुकानांना गेला यावरून.

मग बाकीचे खटलेही वेगळे दिसायला लागले. ‘शडप यू फेस’ घेणारा माणूस ‘व्हिएन्ना’ खाली ठेवून ते उचलत नव्हता. ‘व्हिएन्ना’ त्याच्या आयुष्यात नव्हतंच. बहुधा वर्षभरात एवढी एकच तबकडी घेणारा तो. दोन वेगळी गिऱ्हाइकं एका रांगेत उभी केली तर त्यात निकाल कसला? १९७७च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी आठवड्यात सेक्स पिस्टल्सचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ अधिकृत यादीत दुसरं आलं, न्यू म्युझिकल एक्स्प्रेसच्या यादीत पहिलं. बीबीसीनं ते वाजवायलाच नकार दिला होता. काही दुकानांतल्या यादीत त्याच्या जागी नुसती कोरी ओळ होती. गाण्याचं नाव छापायचीही हिंमत नाही, अशी एक रिकामी ओळ त्या आठवड्याच्या ब्रिटनबद्दल जेवढं सांगते तेवढं त्यावरचे अग्रलेख सांगत नसतील. याद्या वाचायला लागलं पाहिजे, असं मला पहिल्यांदा वाटलं ते इथे.

अमेरिकेतला सगळ्यात मिरवला जाणारा विक्रम ४ एप्रिल १९६४चा. त्या आठवड्यात बिलबोर्डच्या पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या होत्या. पूर्वी हा विक्रम ऐकला की मी म्हणायचो, चला, एकदा तरी गर्दी शहाणी वागली. त्यामागची हकिगत निराळीच आहे. ईएमआयच्या अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीनं बीटल्सची सुरुवातीची गाणी नाकारली होती. म्हणून ती व्ही-जे, स्वान असल्या छोट्या कंपन्यांच्या हाती गेली आणि तिथे पडून राहिली. १९६४च्या आरंभी अमेरिकेला बीटल्सचं वेड लागलं तेव्हा ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं बाजारात लोटलं. त्या पाच तबकड्यांपैकी कॅपिटॉलच्या दोनच, बाकी तीन इतरांच्या. सगळी गाणी एका घरात असती तर त्या घरानं ती शिस्तीत, एक संपलं की दुसरं, अशी काढली असती आणि पाचही जागा एकदम भरल्या नसत्या. विक्रमाच्या मुळाशी एका साहेबाचा नकार आहे.

खरा धक्का पुढचा. बिलबोर्डची ‘हॉट १००’ ही यादी ४ ऑगस्ट १९५८ला सुरू झाली. त्यानंतर तेहतीस वर्षांत एकही गाणं १० आठवड्यांच्या वर पहिलं राहिलं नाही. डेबी बूनचं ‘यू लाइट अप माय लाइफ’ आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं ‘फिजिकल’ दहावर थांबली. मग १९९२मध्ये बॉइझ टू मेनचं ‘एंड ऑफ द रोड’ १३ आठवडे, पाठोपाठ व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १४, आणि १९९५-९६मध्ये मराया कॅरी व बॉइझ टू मेन यांचं ‘वन स्वीट डे’ १६. तीस वर्षं न हललेली भिंत चार वर्षांत तीनदा पडली. गाणी एकाएकी इतकी थोर झाली होती का?

झालं होतं ते असं. १९९१पर्यंत दुकानदार फोनवर काय खपतंय त्याचा क्रम सांगत. आकडे देत नसत, क्रम. काउंटरवरचा पोरगा आठवून सांगणार, त्यात त्याची आवड येणार, गोदामात पडलेला नवा माल हलायला हवा ही मालकाची निकड येणार, कंपनीच्या माणसाची भेटवस्तूही येणार. जुनं गाणं अजून खपतंय हे सांगण्यात कुणालाच रस नसे. १९९१ साली साउंडस्कॅन नावाच्या यंत्रणेनं दुकानातल्या बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात केली. बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत ती २५ मे १९९१ला आली, गाण्यांच्या यादीत त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर. रेडिओवर काय वाजतं तेही यंत्र ऐकू लागलं. यंत्राला कंटाळा येत नाही. लोक एकच गाणं महिनोन्‌महिने घेतात आणि ऐकतात, हे तेव्हा कळलं.

आणि आणखी एक गोष्ट कळली. त्याआधी यादीच्या सगळ्या इतिहासात थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेले अल्बम होते फक्त सहा. आता दर थोड्या आठवड्यांनी एखादा उतरू लागला. आणि वर येऊ लागले ते कोण? १९९१च्या जूनमध्ये लॉस एंजलीसजवळच्या कॉम्प्टनचा रॅप गट एन.डब्ल्यू.ए. पहिल्या क्रमांकावर. सप्टेंबरमध्ये ओक्लाहोमाचा कंट्री गायक गार्थ ब्रूक्स थेट पहिल्या क्रमांकावर. कंट्री म्हणजे निमशहरी, खेडवळ गोऱ्या लोकांचं संगीत, रॅप म्हणजे शहरातल्या काळ्या वस्त्यांचं. दोन्हींचा खप आधीपासून होता. फोन उचलणाऱ्या माणसाला तो सांगण्यासारखा वाटत नव्हता.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. तो फोन उचलणारा माणूस माझ्या फार ओळखीचा होता. त्याला संगीतातलं कळत होतं. रॉकच्या नव्या अल्बमविषयी तो तासभर बोलू शकला असता. समोरून दररोज कंट्रीच्या कॅसेटी घेऊन जाणारी माणसं त्याला दिसत होती आणि दिसत नव्हती. केसकरांनाही सिलोनकडे वळलेले काटे दिसत नव्हते असं नाही. मी यादीला तुच्छ मानत होतो ती गर्दीची अभिरुची मोजते म्हणून. यादीचं खरं दुखणं तर गर्दी पुरेशी मोजली जात नव्हती हे होतं, आणि ती मोजू न देणारे होते माझ्यासारखेच जाणकार.

त्यानंतर मला यादीतल्या गाळलेल्या जागा वाचायचा नाद लागला. नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ १९९६-९७मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर १६ आठवडे सर्वाधिक वाजणारं गाणं होतं. ‘हॉट १००’मध्ये ते शंभरावंसुद्धा नाही, कारण कंपनीनं त्याची स्वतंत्र तबकडी दुकानात आणली नाही आणि नियम होता, दुकानात नाही ते यादीत नाही. सबंध अल्बम विकला जावा म्हणून कंपन्या असं मुद्दाम करत. १९९८च्या डिसेंबरात नियम बदलला, ‘डोन्ट स्पीक’च्या कामी आला नाही. २०१२ साली कोरियाच्या सायचं ‘गंगनम स्टाइल’ अख्ख्या जगानं पाहिलं, आपल्याकडच्या लग्नाच्या वरातींनीही सोडलं नाही, यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा गाठणारी पहिली चित्रफीत ती. बिलबोर्डवर मात्र सात आठवडे दुसरं. यूट्यूबचे आकडे तेव्हा मोजत नव्हते. ते २०१३च्या फेब्रुवारीपासून मोजू लागले आणि पहिल्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ हे गाणं थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. साय बिचारा काही महिने आधी नाचला.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. मोजणीवाचून विक्रम. १९७४च्या गिनेस बुकात लता मंगेशकरांच्या नावावर किमान २५,००० गाण्यांची नोंद आली. महंमद रफींनी तिला हरकत घेतली, स्वतःचा आकडा त्याहून मोठा सांगितला. आपण मोजदाद ठेवलेली नाही, गिनेसवाल्यांना आकडा कुठून मिळाला ठाऊक नाही, असं लताबाईंनी स्वतः सांगितलं होतं. १९९१च्या सुमारास ती नोंद पुस्तकातून गेली. पुढे गीतकोशकारांनी एकेक चित्रपट, एकेक तबकडी धरून गाणी मोजली तेव्हा दोघांचेही आकडे त्या दाव्यांच्या पुष्कळ खाली आले. २०११ साली गिनेसनं आशा भोसलेंच्या नावावर नोंद केली ती ११,०००ची, म्हणजे लताबाईंच्या जुन्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. या विषयावर मराठी घरांत किती जेवणं थंड झाली असतील! लताबाईंच्या गाण्याला २५,०००ची गरज नव्हती आणि रफींना त्याहून मोठ्या आकड्याची नव्हती. पण जो वाद झाला तो, कुणीच धड मोजलं नव्हतं म्हणून झाला. आकड्यांना नाक मुरडणाऱ्या समाजात आकडे नाहीसे होत नाहीत, ते मनातले घातले जातात. मला हे उशिरा उमगलं.

आशाबाईंवरून आठवलं. कॉर्नरशॉप या ब्रिटनमधल्या बँडचं, आशाबाईंचंच नाव असलेलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ १९९७ साली साठाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. नॉर्मन कुकनं त्याची लय वाढवून नवी आवृत्ती केली, तेव्हा १९९८च्या फेब्रुवारीत एक आठवडा ब्रिटनमध्ये पहिलं आलं. सांगलीत जन्मलेल्या बाईंचं नाव तिथल्या यादीच्या माथ्यावर. तेव्हा मी ‘नाचायला मिळालं म्हणून’ असा शेरा मारला होता. आता म्हणतो, नाचायला मिळालं म्हणून, आणि छान झालं.

आक्काकडे गीतमालेच्या वह्या आहेत हे मला माहीत होतं. त्या उघडून पाहिल्या नव्हत्या. शाळेच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं शिवून केलेल्या. तारीख, गाणं, चित्रपट, मग दोन रकाने: ‘सिलोनचा नंबर’ आणि ‘माझा नंबर’. दोन रकाने क्वचितच जुळतात. मधूनच ‘आवाज गेला’ असा शेरा, कारण शॉर्टवेव्हवर कोलंबो कधी जवळ येई, कधी समुद्रात बुडे. एखाद्या गाण्यापुढे बिगुलाचं चित्र. ठरावीक आठवडे ‘पायदानां’वर, म्हणजे यादीतल्या क्रमांकांवर, काढलेल्या गाण्याला सयानी ‘सरताज गीत’ म्हणून बिगुल वाजवून निरोप देत, ती खूण. बिलबोर्डनंही पुढे जुन्या गाण्यांना बाहेर काढायचा नियम केला, वीस आठवडे झाल्यावर पन्नासच्या खाली घसरलं की बाहेर. बिगुल मात्र नाही वाजवला. मी आक्काला विचारलं, तुला जर त्यांचे नंबर पटत नव्हते तर लिहून कशाला ठेवलेस? ती म्हणाली, “अरे, मला काय आवडलं ते मला ठाऊकच होतं. बाकीच्यांना काय आवडलं ते कोण सांगणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रकाने आखायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं, एकच रकाना असतो आणि तो कोणी भरायचा यावर भांडण असतं.

आता मी याद्या रोजनिश्यांसारख्या वाचतो. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिलं होतं. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, मध्ये ऑपेरा, तरी पहिलं. ते पुन्हा पहिलं आलं १९९१च्या डिसेंबरात, ५ आठवडे. गाणं तेच होतं. त्या नोव्हेंबरात फ्रेडी मर्क्युरी गेला होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला, तिथल्या पोरांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये वाजवणारा फारुख बलसारा तो हाच. पहिल्या खेपेला यादीत नवल दिसतं, दुसऱ्या खेपेला शोक. केट बुशचं १९८५चं ‘रनिंग अप दॅट हिल’ २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ब्रिटनमध्ये पहिलं आलं, तेव्हा १९८५मध्ये जन्मही न झालेली मुलं ते ऐकत होती. हे सगळं मी पूर्वी शर्यत म्हणून उडवून लावत होतो.

म्हणून माझं सगळंच मत उलटलं असं मात्र नाही. विक्रम मोडण्याच्या बातम्या मला अजूनही पोकळ वाटतात. पूर्वी मोजला जायचा तो खिशात हात घालून केलेला निर्णय, आता मोजलं जातं ते ऐकणं. २०१७च्या मार्चमध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि लोकांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावला, तेव्हा ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांतली सोळा त्याचीच झाली. यादीवाले इतके ओशाळले की एका कलावंताची तीनच गाणी असा नियम त्यांनी त्याच जुलैपासून केला. अमेरिकेनं असा नियम केला नाही, म्हणून २०२२मध्ये टेलर स्विफ्टनं पहिल्या दहाही जागा घेतल्या आणि २०२४मध्ये पहिल्या चौदा. बीटल्सच्या पाच आणि स्विफ्टच्या चौदा यांची तुलना म्हणजे साठ षटकांच्या सामन्यातली धावसंख्या वीस षटकांच्या सामन्याशी ताडून पाहणं. स्विफ्ट थोर असेल, पण ते या आकड्यानं सिद्ध होत नाही. तेच यंत्र दुसरीकडे न्यायही करतं. ब्रेंडा लीनं तेराव्या वर्षी, १९५८ साली गायलेलं ‘रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री’ २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिलं आलं, तेव्हा बाईंचं वय ७८ होतं. दर नाताळाला घरोघरी ती जुनी तबकडी वाजतच होती. विकली गेली तेव्हा एकदा मोजली, नंतरचं वाजणं कुणी मोजलं नाही. आता मोजलं.

‘दुसऱ्या नंबरची गाणी’ हा कार्यक्रम मी अजूनही करतो. चक बेरी आहे, केसरबाईही आहेत. वकिली सोडली आहे. प्रत्येक गाण्याआधी ते कुठल्या यादीत दुसरं होतं आणि ती यादी कशी बनली होती, तेवढं सांगतो. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात.

एक विनंती करून थांबतो. बिलबोर्डची १९५८पासूनची आणि ब्रिटनची १९५२पासूनची प्रत्येक आठवड्याची यादी आज कुणालाही घरबसल्या पाहता येते. गीतमालेच्या वार्षिक याद्या छापून आल्या आहेत, पण दर बुधवारचा क्रम श्रोत्यांनी उतरवून ठेवला म्हणूनच उरला आहे. शहरांतल्या दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांतून सयानी तो क्रम लावत. त्यात चुका असतील, पक्षपातही असेल. तरी १९५०-६०च्या दशकांत सामान्य माणसाच्या कानावर काय होतं याची आठवड्यागणिक नोंद आपल्याकडे दुसरी नाही. सयानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले. तुमच्या घरात आई-मावशीची, आत्याची, काकांची अशी एखादी वही असेल, अर्धवट का असेना, तर ती रद्दीत घालू नका. फोटो काढा, तारखा नीट दिसतील असे, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा गाण्यांचे कोश करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला द्या. आक्काच्या वह्यांचे फोटो मी काढून ठेवले आहेत. तिच्या वह्यांत काही बुधवार गळलेले आहेत. ते कुणाकडे असतील तर मला हवे आहेत.